शहर सोडता येत नाही, पदवी रसायनशास्त्राची, विषय जुन्या कागदांचा : पीएचडी कुठून करावी?

काजळरेघ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एमएस्सी, ५८ टक्के. तेव्हापासून औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे. एफटीआयआर, एचपीएलसी ही तपासणीची यंत्रं आणि टायट्रेशन हे रोजचं काम. सुट्टीच्या दिवशी एका जुन्या ग्रंथसंग्रहात सूची करायला जाते. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला होता. कागद सगळा एकसारखा, ठेवण्याची जागाही एकच. काजळीच्या शाईची पानं आजही लख्ख काळी आहेत. त्याच रुमालातली तपकिरी पडलेली पानं मात्र उचलली की तडकतात, आणि काही ठिकाणी अक्षर जाऊन त्याच आकाराचं भोक उरलंय. एका ओळीत ‘ळ’ची दोन्ही पोटं गळून खालच्या पानावर पडलेली होती.

हिराकशीची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, शाई कागद खाते हे नंतर वाचून कळलं. पण मला जे वाचायला मिळालं ते बहुतेक युरोपातल्या कागदांवरचं, मायफळाच्या (ओकच्या झाडावरच्या गाठींच्या) शाईवरचं. आपल्याकडे शाईला हिरडाही वापरत, कागदाचा लगदा वेगळा, पावसाळ्यातला दमटपणा तर वेगळाच. यावर नीट, पद्धतशीर काम करायची फार इच्छा आहे. बढतीसाठी पदवी नको आहे, हे काम व्हायला हवं आहे.

आता अडचणी. वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आहेत आणि मी एकटीच आहे. त्यामुळे शहर सोडता येत नाही, नोकरीही नाही. एका विद्यापीठाच्या इतिहास विभागात विचारलं तर ‘तुमची पदवी बसत नाही, आधी एमए करा’ असं सांगितलं. जतनशास्त्रात पीएचडी देणारी आधीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट, म्हणजे आताची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज, नोएडाला आहे. तिथे जाऊन राहणं शक्य नाही. आणि एका एजन्सीचे रोज फोन येतात, परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी करून देतो म्हणून.

पदवी आणि गाव या दोन्ही गोष्टी बदलता येत नसतील तर निवड कशी करायची?

उंबरठा

इतिहासात एमए करून टाका. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या होतं, दोन वर्षांत पदवी हातात. मग कोणी अडवणार नाही. तुम्हाला रस आहे म्हणजे अभ्यास जड जाणार नाही.

खडूफळा

काजळरेघ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात रसायनशास्त्राचा गाईड आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून बोलतो.

एमए जरूर करा, पण आवड म्हणून. पीएचडीसाठी त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. तुम्ही इतिहास विभागात गेलात कारण वस्तू जुनी आहे. पण तुमचा प्रश्न काय आहे? लोह आणि टॅनिनची (मायफळ-हिरड्यातल्या तुरट द्रव्याची) शाई दमट हवेत सेल्युलोजचं, म्हणजे कागदाच्या तंतूंचं, काय करते. हा अथपासून इतिपर्यंत रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्याची टॅनिनशी अभिक्रिया होताना सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, ते सेल्युलोजची साखळी तोडतं. वर जास्तीचं फेरस लोह मोकळं राहिलं की ते ऑक्सिडेशनला उत्प्रेरक ठरतं. म्हणजे एकाच अक्षराखाली दोन बाजूंनी हल्ला चालू असतो. हिरड्याचं टॅनिन मायफळापेक्षा इथे वेगळं वागतं का, हे तुमच्या एमएस्सीवर उभं राहून विचारता येतं. तोच प्रश्न ज्या विभागाचं दार तुमची पदवी उघडते तिथून आत न्यायचा.

हे नुसतं शब्दांचं नाही, प्रवेशाच्या हिशेबात याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) सध्याचे पीएचडीचे नियम नोव्हेंबर २०२२चे. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. विद्यापीठ स्वतःची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, घेत असेल तर त्यात ५० टक्के भाग संशोधनपद्धतीचा आणि ५० टक्के विषयाचा असतो. मुलाखतीला पात्र व्हायला ५० टक्के गुण हवेत आणि पुढे गुणवत्ता यादीत परीक्षेला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन. इतिहासाची पेट म्हणजे निम्मा पेपर अशा विषयाचा, जो तुम्ही कधी शिकलेला नाहीत, आणि समोर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास केलेली मुलं. रसायनशास्त्राची पेट म्हणजे तुमचाच रोजचा विषय. २०२४पासून नेटच्या निकालात ‘फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र’ असाही एक गट आहे. रसायनशास्त्रासाठी ती परीक्षा सीएसआयआर-नेट. त्या गटातले गुण प्रवेशाला एक वर्ष चालतात, तेव्हा परीक्षा आणि प्रवेशाचं वेळापत्रक जुळवून मगच बसा.

इतिहासाचं काय, तर त्यासाठी सहमार्गदर्शक. नियमांत दुसऱ्या विभागाचा किंवा दुसऱ्या संस्थेचा सहमार्गदर्शक घेण्याची सोय स्पष्ट आहे, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुख्य गाईड तुमच्या जवळचा रसायनशास्त्राचा, सहमार्गदर्शक कागदपत्रं जाणणारा. तो दुसऱ्या शहरात असला तरी चालतं, कारण त्याच्याशी काम मुख्यतः फोटो, नोंदी आणि फोनवर होणार आहे.

आता गावाचा प्रश्न. विद्यापीठांची यादी बाजूला ठेवा, संशोधन केंद्रांची काढा. आपल्याकडच्या राज्य विद्यापीठांची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं संलग्न महाविद्यालयांत विखुरलेली असतात. विद्यापीठ दोनशे किलोमीटरवर असलं तरी केंद्र तुमच्या घराजवळ असू शकतं. केंद्रांची आणि गाईडांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते, रिक्त जागांसकट. सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४, सहयोगीला ६ आणि प्राध्यापकाला ८ विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे जागा आहे का, ते आधी विचारावं लागतं.

अंतर ठरवताना एकच कसोटी लावा : सकाळी निघून काम करून रात्री वडिलांजवळ परत येता येईल का? दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, शिवाय किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. त्यापलीकडे गाईडकडच्या फेऱ्या आहेतच. मुक्काम करावा लागणारं केंद्र तुमच्यासाठी बाद समजा, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

चौकस

ऑनलाइन पीएचडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्या एजन्सीचा नंबर ब्लॉक करा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी चालवायला आपल्या नियमांत परवानगी नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये युजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) यांनी मिळून जाहीर सूचनाच काढली होती, की परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या देतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही.

अंशकालीन आणि ऑनलाइन यांत लोक हमखास गल्लत करतात आणि एजन्सीवाले तीच गल्लत विकतात. अंशकालीन, म्हणजे नोकरी सांभाळून करायची, पीएचडी पूर्णपणे वैध आहे. प्रवेशाची प्रक्रिया तीच, कोर्सवर्क तेच, समिती तीच, व्हायवा तोच.

पानगळ

मी जर्मनीत आहे, साहित्यविज्ञानात डॉक्टरेट करते. तुमचा विषय वाचून राहवलं नाही. हॅम्बुर्ग विद्यापीठात हस्तलिखित संस्कृतींच्या अभ्यासाचं मोठं केंद्र आहे. तिथे भाषेचे, इतिहासाचे आणि पदार्थविज्ञानाचे लोक एकत्र बसून शाया तपासतात. तुम्ही म्हणता ते काम जगात ‘इकडचं की तिकडचं’ म्हणून अडत नाही, हे मुद्दाम सांगते आहे.

इथे पद्धत अशी की आधी प्राध्यापक तयार व्हावा लागतो. मग विद्याशाखेची समिती तुमची आधीची पदवी तपासते. विषय वेगळा असेल तर सरसकट नकार न देता काही जादा परीक्षा किंवा अभ्यासक्रम पूर्ण करण्याची अट घालू शकते. तुमचं आधीचं विद्यापीठ मान्य आहे का हे ‘अनाबिन’ नावाच्या सरकारी कोशात कोणालाही पाहता येतं. युरोपच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरेट जाळ्यांची गंमत उलटी आहे : ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे बाहेरून येणाऱ्यालाच तिथे जागा.

पण हे सगळं तुम्हाला स्थलांतर करायला लावणारं. तुमच्या घरची परिस्थिती वाचल्यावर मी त्याचा आग्रह धरणार नाही. इथल्या माणसांना पत्र लिहा, सहलेखन होऊ शकतं, तुमच्या नमुन्यांबद्दल कुतूहल असणारे लोक इथे नक्की आहेत. नोंदणी मात्र घराजवळ करा.

मोडीवाचक

खडूफळा सरांच्या बऱ्याच गोष्टी पटल्या, पण एका ठिकाणी अडतो.

रसायनशास्त्राच्या दारातून आत गेल्यावर हा प्रश्न रसायनशास्त्राचाच होऊन बसतो. मग प्रयोगशाळेत शाई बनवायची, नव्या कागदावर ओढायची, ओव्हनमध्ये ठेवायची, आलेख काढायचे, आणि रुमालातली पत्रं प्रस्तावनेतल्या एका फोटोपुरती उरतात. असे प्रबंध मी पाहिले आहेत. आत काम चांगलं असतं, पण ज्या कागदासाठी ते केलं त्या कागदाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. काजळरेघ यांना गळलेल्या ‘ळ’चं वाईट वाटलंय. ते प्रबंधात टिकावं असं मला मनापासून वाटतं.

शिवाय कागदाची ओळख हा स्वतंत्र अभ्यास आहे. हातकागद कुठला, विलायती कागद कुठला, उजेडात धरल्यावर दिसणाऱ्या रेघा आणि जलचिन्हं, एकाच पत्रावर वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या वेळी घातलेले शेरे. एकाच पानावर दोन शाया असतात, हे रसायनवाल्याला कळणारच नाही जर त्याला मोडी वाचता येत नसेल.

खडूफळा

मोडीवाचक, तुमचा आक्षेप योग्य आहे. मग विचारतो : त्या पत्रांकडे असं काय आहे जे माझ्या ओव्हनकडे नाही?

मोडीवाचक

तारीख.

पत्रावर तारीख असते. कधी शुहूर सन, कधी फसली, कधी शक, पुढे पुढे इंग्रजी. वाचता आली तर कागदाचं वय वर्षापर्यंतच काय, बऱ्याचदा दिवसापर्यंत कळतं. एकाच कचेरीतून, एकाच प्रकारच्या कागदावर, चाळीस-पन्नास वर्षं ओळीने लिहिलेली पत्रं एका दफ्तरात सापडतात. ही सगळी एकाच खोलीत म्हातारी झालेली.

खडूफळा

अहो, मग हाच प्रबंध आहे!

कृत्रिम वार्धक्याच्या प्रयोगांवरचा जुना आक्षेप असा, की ओव्हनमधले काही आठवडे म्हणजे कोठारातली किती वर्षं हे खात्रीने सांगता येत नाही. गरम करून जी अभिक्रिया वेगाने होते ती थंडपणे शंभर वर्षांत होणाऱ्या अभिक्रियेसारखीच असेल असं नाही. तारीखवार पत्रांची मालिका असेल तर प्रयोगशाळेतल्या नमुन्यांना ताडून पाहायला खरीखुरी मोजपट्टी मिळते. आणि ती मोजपट्टी काजळरेघ यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर पडली आहे. शहर सोडता येत नाही ही अडचण तर आहेच, पण या विषयात तेच बळ आहे. बाहेरचा संशोधक येऊन चार दिवस राहील, चार रुमाल पाहील. वर्षाच्या बाराही महिन्यांत त्याच कपाटातली आर्द्रता नोंदवत बसणं स्थानिक माणसालाच जमतं. जुलैमध्ये आणि मार्चमध्ये एकाच पानावर काय फरक पडतो, हे बाहेरून येऊन कळत नाही.

म्हणून ठिकाण अडत असेल त्या सगळ्यांना सांगतो : जिथे राहायचंच आहे तिथे काय साहित्य आहे ते पाहून प्रश्न घडवा. प्रश्न आधी ठरवून मग गाव शोधायची मुभा आपल्यातल्या फार थोड्यांना असते.

काजळरेघ

मोडीवाचक, खडूफळा सर, दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. मी त्या रुमालाकडे तारखांच्या नजरेने पाहिलंच नव्हतं. मला मोडी जुजबी वाचता येते, सूचीचं काम करता करता शिकले. आता जोर लावून शिकेन.

उपकरणांबद्दल विचारते. कंपनीचं एफटीआयआर मला खासगी कामाला वापरता येणार नाही, आणि ग्रंथसंग्रहाचे लोक कागदाचा तुकडा कापू देणार नाहीत. देऊही नये असं माझंच मत आहे.

खडूफळा

कापू नकाच. सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यातच, लिहा की मूळ पत्रांवर फक्त अविध्वंसक, पानाला धक्का न लावणारी तपासणी होईल. नमुने काढून, जाळून, विरघळवून जे करायचं ते तुम्ही बनवलेल्या शाईच्या नमुन्यांवर.

मूळ पानासाठी हातात धरण्याजोगं एक्सआरएफ यंत्र लागेल, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं. ते संग्रहात नेता येतं, पान जागचं हलत नाही. त्यात लोह दिसेल, आणि हिराकशीत भेसळ म्हणून आलेलं तांबं-जस्तही दिसेल. त्यांच्या प्रमाणावरून दोन शाया वेगळ्या ओळखता येतात. पण लोह फेरस आहे की फेरिक हे ते यंत्र सांगत नाही. त्यासाठी बॅथोफेनँथ्रोलिन लावलेल्या कागदी पट्ट्या असतात, जतनवाले त्या वापरतात. पट्टी पाण्याने ओलसर करून जादा पाणी टिपून घ्यायचं आणि अक्षरावर साधारण अर्धा मिनिट टेकवून धरायची. मोकळं फेरस लोह असेल तर पट्टी किरमिजी होते. खर्चिक काही नाही, आणि माहिती नेमकी हवी ती. अर्थात पाण्याचा अंश येतो, म्हणून तेवढ्यालाही संग्रहाची लेखी परवानगी घ्या.

मोठ्या यंत्रांसाठी ‘आय-स्टेम’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ आहे. देशभरातल्या संस्थांची यंत्रं तिथे नोंदलेली असतात आणि शुल्क भरून वेळ घेता येते. सैफ ही बाहेरच्यांनाही यंत्रं वापरू देणारी केंद्रंही आहेत, उदाहरणार्थ आयआयटी मुंबईतलं. तुमचे बनवलेले नमुने तिथे टपालाने पाठवता येतील, स्वतः जायची गरज प्रत्येक वेळी पडत नाही. ओव्हन, आर्द्रता कक्ष, पीएच मीटर एवढं केंद्रात असलं तरी निम्मं काम होतं. केंद्र पाहायला जाल तेव्हा भिंतीवरच्या पाट्या न पाहता यंत्रांची नोंदवही पाहा. शेवटची नोंद कधीची आहे त्यावरून ते यंत्र चालू आहे की शोभेचं, ते लगेच कळतं.

आणि एक जपा. जुन्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर झाकायला हरताळ लावत, काही कागद किडीपासून राखायला त्याने पिवळे केलेले असतात. ते आर्सेनिकचं सल्फाइड आहे. हातमोजे घाला आणि पिवळ्या पानावर फुंकर घालून धूळ उडवू नका.

अर्धविराम

मी पीएचडी सोडलेला माणूस आहे, म्हणून गाईडबद्दल दोन शब्द.

मी घराजवळचा गाईड मिळाला या आनंदात नोंदणी केली. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा फार वर्षं उरली नव्हती, आणि ते मला कोणी सांगितलं नाही, ना त्यांनी ना केंद्राने. ते निवृत्त झाल्यावर केंद्राने नवा गाईड द्यायला टाळाटाळ केली, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली, आणि मधल्या काळात माझी बदली झाली. आता नियमच आहे, की निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. पण अंशकालीन विद्यार्थ्याला तीन वर्षांत कुठे जमतं? तुम्ही सहा वर्षांचा हिशेब धरा आणि तेवढी वर्षं सेवेत असणारा माणूस शोधा. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.

दुसरं, शोधगंगा हे भारतीय प्रबंधांचं संकेतस्थळ उघडा. गाईडच्या नावाने शोधा. त्यांच्या हाताखाली किती प्रबंध पूर्ण झाले, शेवटचा कधीचा, ते दिसेल. एखादा प्रबंध उघडून ऋणनिर्देश वाचा. विद्यार्थी मनापासून लिहितो की उपचार म्हणून, ते वाचताना कळतं. मग त्यांतल्या एखाद्याला गाठून विचारा, की लिहिलेलं प्रकरण गाईडकडून तपासून किती दिवसांत परत येत असे. माझ्या मते गाईड निवडताना यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न नाही. लांब राहणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचा जीव तिथेच जातो.

निळी शाल

अर्धविराम यांना दुजोरा. मुदतीबद्दल भर घालते, कारण काजळरेघताईंना ती कामाची आहे. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. त्यापुढे पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. घरात आजारपण असताना हा दिलासा मोठा आहे. माझ्या आईच्या शेवटच्या वर्षात मी प्रबंधाला हात लावू शकले नाही, तरी नोंदणी टिकली. स्त्रियांना लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावं लागलं तर आधीचं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूदही नियमांत आहे. आपल्याकडे ती फारशी कोणाला माहीत नसते.

रानवाट

धाग्यात घुसतो, माफ करा. माझी अडचण पदवीचीच, पण गुणांची. भूगोलात एमए, ५३ टक्के. खुला प्रवर्ग. दुसरा काही मार्ग?

खडूफळा

रानवाट, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, अपंग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. खुल्या प्रवर्गातून येत असलात तरी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र तुम्हाला मिळू शकतं का ते आधी पाहा. बरेच जण ते तपासतच नाहीत. ते बसत नसेल तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा परीक्षा देण्याची सोय तुमच्या विद्यापीठात आहे का विचारा, नाहीतर लगतच्या विषयात दुसरं पदव्युत्तर. तुमच्याकडे भूगोल आहे, पर्यावरणशास्त्र किंवा भूमाहितीशास्त्र जवळचं. इथे मात्र मी उंबरठा यांच्या बाजूने आहे, दुसरी पदवी घेण्याला तुमच्याबाबतीत खरंच अर्थ आहे.

उंबरठा

काजळरेघ यांच्याबाबतीत माझं मत बदललं हे नोंदवतो. पण एक शंका राहते. पुढे कधी प्राध्यापकी करावीशी वाटली तर?

खडूफळा

चांगली शंका. प्राध्यापक भरतीत पदव्युत्तर पदवीचा विषय पाहतात, नुसती पीएचडी नाही. एमएस्सी रसायनशास्त्र आणि पीएचडी इतिहास अशी जोडी असती तर दोन्हीकडचे लोक शंका काढत बसले असते. एमएस्सी आणि पीएचडी दोन्ही रसायनशास्त्रात, प्रबंध ऐतिहासिक शाईवर, यात कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

काजळरेघ

दरम्यान काय झालं ते सांगते.

विद्यापीठाच्या यादीतून रात्री परत येता येईल एवढ्या अंतरातली रसायनशास्त्राची केंद्रं काढली. शोधगंगेवर एकेक गाईड तपासले. एक बाई सापडल्या, सेल्युलोजच्या विघटनावर काम असलेल्या, सेवेची बरीच वर्षं बाकी, आणि एक जागा रिकामी. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याशी बोलले. तो म्हणाला, प्रकरण पंधरवड्यात परत येतं, लाल शाईने भरलेलं. मग बाईंना दोन पानांचं टिपण पाठवलं. त्यात शाईचे दोन प्रकार, कागदाचे दोन प्रकार, तारीखवार पत्रांची मालिका आणि वर्षभराच्या आर्द्रतेच्या नोंदी, एवढंच मांडलं. त्यांनी भेटायला बोलावलं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, की संग्रहाची परवानगी लेखी आहे का. नव्हती. आता अर्ज दिलाय, विश्वस्तांची पुढच्या महिन्यात बैठक आहे.

मोडीवाचक, बाई म्हणतात सहमार्गदर्शक पीएचडीधारक आणि गाईड म्हणून मान्यताप्राप्त हवा. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कोणी?

आणि कंपनीचा ना-हरकत दाखला. एचआरने एका ओळीचं पत्र दिलंय, ‘आमची हरकत नाही’ एवढंच. ते चालेल?

मोडीवाचक

मी स्वतः पीएचडी नाही, पण माझ्या गुरू आहेत. व्यक्तिगत निरोपात त्यांचा मेल पाठवलाय. टिपण मराठीत पाठवा, सोबत दोन-तीन पानांचे फोटो, उजेडात धरून काढलेले. तारखा लावायला मी येईन. माझं नाव कुठे नको.

खडूफळा

एका ओळीचं चालणार नाही, परत पाठवतील. नियमात तीन गोष्टी स्पष्ट मागितल्या आहेत : तुम्हाला अंशकालीन अभ्यासाची परवानगी आहे, तुमच्या कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ देता येतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळं केलं जाईल. तिन्ही वाक्यं लेटरहेडवर, सहीचे अधिकार असलेल्याच्या सही-शिक्क्यासह घ्या. तिसऱ्या वाक्याला एचआर कुरकुर करतं. तेव्हा कोर्सवर्कचं वेळापत्रक केंद्राकडून आधी मागून घ्या आणि तेच सोबत जोडून द्या. बऱ्याच केंद्रांत अंशकालीन विद्यार्थ्यांसाठी ते शनिवार-रविवारी किंवा सुट्टीत सलग घेतात. नेमके दिवस समोर दिसले की सही लवकर होते.